उत्तम शुक्रवार

गुड फ्रायडे आला की दरवर्षी दोन गोष्टी हमखास घडतात. कुणीतरी मोबाईलवर फुलांच्या गुच्छासकट 'हॅपी गुड फ्रायडे' पाठवतं, आणि घरातलं एखादं चुणचुणीत पोर विचारतं, "येशूला खिळे ठोकून मारलं तो दिवस 'गुड' कसा?" पहिल्या प्रकाराकडे नंतर येतो. दुसरा प्रश्न मात्र फार चांगला आहे. नोकरीच्या काळात वर्गातल्या पोरांनी मला तो कितीदा तरी विचारला. (एका पठ्ठ्याने परस्पर उत्तरही दिलं होतं, "सर, सुटी असते म्हणून गुड!" सगळा वर्ग खूश.)

पुष्कळांची समजूत अशी की मूळ शब्द 'गॉड्स फ्रायडे', म्हणजे देवाचा शुक्रवार, आणि बोलता बोलता त्याचा 'गुड' झाला. समजूत अगदीच वेडगळ नाही. 'गुडबाय' हा शब्द 'देव तुझ्याबरोबर असो' अशा अर्थाच्या वाक्यापासूनच झिजून तयार झालाय. पण शुक्रवारच्या बाबतीत तसं झालेलं दिसत नाही. 'गुड' आणि 'गॉड' हे जुन्या इंग्रजीतही दोन वेगळेच शब्द होते. साधारण 1290 च्या सुमाराला संतचरित्रांचा एक पद्यसंग्रह इंग्लंडात तयार झाला, त्यात या दिवसाचं नाव 'गुओद फ्रायडे' असं येतं, आणि तिथे शब्द 'चांगला' हाच आहे. फक्त त्या काळी 'गुड'च्या पोटात आणखी एक अर्थ होता : पवित्र, धर्मकृत्यासाठी राखलेला. ईस्टरच्या आधीच्या बुधवारलाही 'गुड वेन्सडे' म्हणत. बायबलला इंग्रजीत 'गुड बुक' म्हणतात ते याच अर्थाने. पुढे 'गुड'चा हा अर्थ वापरातून गेला, नाव तेवढं राहिलं. आता ते ऐकून पोरं बुचकळ्यात पडतात, त्यात त्यांचा दोष नाही.

त्याही आधी इंग्लंडात या दिवसाला 'लांब शुक्रवार' म्हणत. डेन्मार्क-स्वीडनकडे अजून तेच नाव आहे. उपास आणि लांबलचक प्रार्थना, दिवस सरता सरत नाही, म्हणून लांब! मला स्वतःला हे नाव फार आवडतं. जर्मन लोकांच्या नावात शोकाचा जुना शब्द आहे. ग्रीक आणि रशियन लोक 'मोठा शुक्रवार' म्हणतात, पोर्तुगीज 'पवित्र'. आणि आपल्या केरळात? तिथे सरळ 'दुःखवेळ्ळी', दुःखाचा शुक्रवार. एकच दिवस, पण कुणी त्यातलं दुःख पाहिलं, कुणी मोठेपण, कुणी नुसती लांबी.

मराठी ख्रिस्ती समाजात शब्द आहे 'उत्तम शुक्रवार'. इंग्रजी नावाचं हे सरळ भाषांतर दिसतं, आणि 'गुड'चा विसरलेला अर्थ त्यात उतरलेला नाही. मला कुणी विचारलं असतं (विचारतंय कोण म्हणा!) तर मी 'पुण्य शुक्रवार' सुचवलं असतं. कारण हा प्रश्न आपल्याला फक्त इंग्रजीतच पडतो. मराठीत आपण तो कधीचा सोडवलाय. माणूस गेला त्या दिवसाला आपण काय म्हणतो? पुण्यतिथी. त्यात 'पुण्य' कुठलं, असं कुणी विचारत नाही. हिला जाऊन आता सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी पुण्याहून नातवाने फोनवर विचारलं, "आजोबा, आजी गेली ना, मग पुण्यतिथी कशी?" मी मराठीचा मास्तर, पण तेव्हा घशाशी शब्द येईना. जन्मभर वापरलेला शब्द त्या दिवशी पहिल्यांदा कानाला टोचला. आपल्याकडे बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतात, ते अशुभ झाकण्यासाठी. पुण्यतिथीचं तसं नाही. मरण त्यात लपवलेलं नसतं. त्या माणसामुळे तो दिवस पवित्र झाला, एवढंच आपण म्हणतो. तेराव्या शतकातला इंग्रज 'गुड' म्हणत होता, त्याच्या मनात याहून वेगळं काही असेल असं मला वाटत नाही.

आणि गंमत म्हणजे हा दिवस खरोखरच तिथीने येतो. नाताळ 25 डिसेंबरला ठरलेला, पण हा दरवर्षी हलतो. येशूला मारलं ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमाराला, आणि तो सण पौर्णिमेचा. त्यामुळे 21 मार्चला किंवा नंतर येणारी पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर, आणि त्याच्या दोन दिवस आधी हा शुक्रवार. म्हणूनच कधी कधी तो आपल्या चैत्री पौर्णिमेला चिकटून येतो. 2018 साली 30 मार्चला गुड फ्रायडे आणि 31 ला हनुमान जयंती होती.

आता पहिल्या प्रकाराबद्दल. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मी मास्तर असताना आमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एक ख्रिस्ती बाई होत्या. एका वर्षी नव्या शिक्षकाने त्यांना आदल्या दिवशीच उत्साहाने 'हॅपी गुड फ्रायडे' म्हटलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, आमचा तो सुतकाचा दिवस. रविवारी ईस्टरला शुभेच्छा द्या, पेढेही मागा."

कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी मिस्सा होत नाही. वेदीवरचं कापडसुद्धा काढून ठेवतात. गुरुवारच्या रात्रीपासून घंटा वाजत नाही, लाकडी खुळखुळा वाजवतात. बाई प्रॉटेस्टंट. त्यांच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना, आणि वधस्तंभावरून येशूने काढलेल्या सात उद्गारांवर सात प्रवचनं. बाहेर एप्रिलचं ऊन, आत पांढऱ्या कपड्यातली माणसं.

बाईंचा धाकटा मुलगा कॉलेजात असताना मोटारसायकलच्या अपघातात गेला. आम्ही सगळे भेटायला गेलो आणि सगळे भेटणारे बोलतात तेच बोललो, धीर धरा, देवाची इच्छा. पुढल्या गुड फ्रायडेनंतर स्टाफरूममध्ये मी जरा भीत भीतच विचारलं, "बाई, उत्तम म्हणवतं का हो या दिवसाला?" मला वाटलं, येशूने जगाच्या पापासाठी प्राण दिला, त्याने तारण झालं म्हणून उत्तम, असं त्या सांगतील. चर्चमध्ये तेच शिकवतात, आणि त्यांची त्यावर श्रद्धाही होती. नावाची व्युत्पत्ती काही असो, शेकडो वर्षं लोकांनी त्यात हा अर्थ भरला आहे, तेव्हा आता तोही खराच म्हणायचा.

पण बाई थोडा वेळ वह्या चाळत बसल्या. मग म्हणाल्या, "सर, चौथा उद्गार आहे ना, त्यात प्रभू देवालाच विचारतो, मला का सोडलंस म्हणून. त्याला तिथे कुणी 'धीर धर' म्हणत नाही. मी तीन तास रडले. वर्षभरात तेवढ्या एकाच ठिकाणी मला कुणी गप्प केलं नाही."

एवढं बोलून त्यांनी तासाची घंटा झाली म्हणून नकाशाची गुंडाळी काखेला मारली आणि वर्गावर गेल्या.