रणजीचा अनुशेष भरला, मैदानांचं काय?

रविवारी दुपारी विदर्भानं रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला. आधी २०१७-१८, मग २०१८-१९ आणि आता २ मार्च २०२५ ला आपल्याच जामठ्याच्या मैदानावर. नेमकी त्याच दुपारी दुबईत भारत-न्यूझीलंड मॅच होती, म्हणून आमच्या चौकातल्या टपरीवर टीव्ही तिकडेच लागला होता. मी म्हटलं, "भाऊ, आपण रणजी जिंकलो." टपरीवाला चहा गाळता गाळता म्हणाला, "कोन आपन?" दोन दिवस झाले, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण सवडीनं वाचाच.

आधी हंगामाचा हिशेब, कारण बऱ्याच जणांनी तो पाहिलाच नाही. गटातले सात सामने, त्यातले सहा जिंकले, एकही हरलो नाही. उपांत्यपूर्व फेरीत नागपुरात तामिळनाडूला १९८ धावांनी हरवलं. उपांत्य फेरीत समोर मुंबई. वर्षभरापूर्वी याच मुंबईनं वानखेडेवर अंतिम सामन्यात आपल्याला १६९ धावांनी हरवलं होतं. या वेळी संघात रहाणे, सूर्यकुमार, शिवम दुबे, शार्दूल. आपल्या पार्थ रेखडेनं एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे, तिघांना परत पाठवलं. दुसऱ्या डावात यश राठोडनं १५१ काढले आणि मुंबई ८० धावांनी हरली. नागपूरकर मुंबईबद्दल काय बोलतो ते आपल्याला ठाऊक आहे. पण हे मैदानावर, पाच दिवस खेळून झालं, म्हणून त्याची गोडी वेगळी.

अंतिम सामना केरळशी. महाशिवरात्रीला सुरू झाला. केरळ पहिल्यांदाच अंतिम फेरीत आला होता, आणि तोही कसा? उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरविरुद्ध एका धावेच्या आघाडीवर आणि उपांत्य फेरीत गुजरातविरुद्ध दोन धावांच्या. अशा चिवट संघासमोर पहिल्याच सकाळी आपली अवस्था ३ बाद २४. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायरनं २१५ धावांची भागी केली. दानिश २१ वर्षांचा, रणजीतला हा त्याचा पहिलाच हंगाम, आणि अंतिम सामन्यात १५३. आपले ३७९ झाले, केरळचे ३४२. त्यांचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर बाद झाला आणि सामना तिथेच फिरला. ३७ धावांची आघाडी. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी ज्याची, करंडक त्याचा, असा नियम आहे. दुसऱ्या डावात नायरनं १३५ काढले. ९ बाद ३७५ वर, दर्शन नळकांडेचं अर्धशतक झाल्यावर, दोन्ही कर्णधारांनी हात मिळवले.

काही जण म्हणून राहिले, "ड्रॉवर जिंकले, त्यात काय?" त्यांना एवढंच सांगतो, हर्ष दुबेनं या हंगामात ६९ विकेट घेतल्या. रणजीच्या इतिहासात एका हंगामात इतक्या विकेट कोणीच घेतल्या नव्हत्या. आधीचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा, ६८. त्याच्याआधी कितीतरी वर्षं बिशनसिंग बेदींचा, ६४. आपल्या नागपूरचा डावखुरा फिरकीपटू बेदींच्या पुढे गेला आणि गावात एक फ्लेक्स नाही. नगरसेवक होऊ पाहणाऱ्याच्या वाढदिवसाला चौक झाकला जातो, ते वेगळं.

चौथ्या दिवशी, शनिवारी, मी जामठ्याला होतो. गावाहून एसटीनं नागपूर, पुढे वर्धा रोडनं. ६ फेब्रुवारीला याच मैदानावर भारत-इंग्लंड वनडे झाली, तेव्हा या रस्त्यावर गाडी पुढे सरकत नव्हती. शनिवारी सरळ पोचलो. स्टँडमध्ये बरीच शाळकरी पोरं होती, काही रिटायर्ड मंडळी डबा घेऊन आली होती. माझ्या बाजूला बसलेले काका पूर्वी रेल्वेत होते. मला सांगत होते, "मी सिव्हिल लाइन्सच्या जुन्या ग्राउंडवर लई वर्षं विदर्भ पाह्यला. तवा आमी मॅच पाह्याले जायचो ते समोरच्या टीमचे प्लेयर पाह्याले."

काकांचं ते वाक्य अगदी खरं आहे. विदर्भ रणजीत १९५७-५८ पासून खेळतो आहे. पहिलं विजेतेपद मिळायला साठ वर्षं लागली. २०१७-१८ च्या आधी एकदाही उपांत्य फेरी नाही. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून एका दैनिकात लागलो तेव्हा रणजीच्या बातमीची हेडलाइन जवळजवळ ठरलेली असायची, "विदर्भाचा डाव गडगडला". फक्त समोरच्या संघाचं नाव बदलायचं. फैज फजल २००३-०४ ला विदर्भाकडून खेळायला लागला. करंडक हातात यायला त्याला पंधरा हंगाम थांबावं लागलं. तो आला तेव्हा फैजच कर्णधार होता. इंदूरला दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबानीची हॅटट्रिक आणि अक्षय वाडकरचं शतक. तोच अक्षय २०२४-२५ ला कर्णधार होता.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे कुठलीही चर्चा फिरून अनुशेषावर येते. १९५३ चा नागपूर करार, फाजल अली आयोगानं केलेली वेगळ्या विदर्भाची शिफारस, ऐंशीच्या दशकातली दांडेकर समिती, दर हिवाळी अधिवेशनातला गोंधळ. त्यात बरंच खरं आहे, मीही त्यावर ढीगभर लिहिलं आहे. पण क्रिकेटमध्ये विदर्भ केव्हाचाच वेगळा आहे. महाराष्ट्र राज्याचे रणजीत तीन संघ खेळतात, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. आपली वेगळी संघटना, बीसीसीआयमध्ये आपलं मत, आपला निधी. पुण्या-मुंबईची परवानगी लागत नाही.

वेगळं राज्य मागणारे मित्र लगेच म्हणतील, "बघ, वेगळं झालं की होते!" थांबा. वेगळं असूनही साठ वर्षं काहीच झालं नाही, हेही त्याच वहीत लिहावं लागेल. आणि वेगळं होण्याला नावं ठेवणाऱ्यांनी हे पाहावं, की हक्काची खुर्ची आणि हक्काचा पैसा नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. खुर्ची मिळणं ही पहिली पायरी झाली. त्या खुर्चीवर बसून वर्षानुवर्षं काय केलं, यावर निकाल लागतो.

मग केलं काय? २००८ ला जामठ्याचं स्टेडियम झालं. अकादमी उभी राहिली, वयोगटातल्या संघांकडे लक्ष दिलं गेलं. बाहेरून माणसं आणली तर शिकवणारी आणली, चंद्रकांत पंडितसारखा कोच, वसीम जाफरसारखा फलंदाज. चाळिशीतल्या जाफरनं २०१८-१९ ला हजारावर धावा केल्या, आणि समोर विशी-बाविशीची पोरं ते पाहत होती. इंदूरला रणजी जिंकलो त्याच हंगामात आपल्या १९ वर्षांखालच्या पोरांनी कूचबिहार करंडकही जिंकला. त्या अंतिम सामन्यात अकोल्याच्या अथर्व तायडेच्या ३२० धावा होत्या. खालचं पीक आधी पेरलं होतं, म्हणून वरची कापणी एका वर्षात संपली नाही. २०१७-१८ पासून २०२४-२५ पर्यंत झालेल्या सात रणजी हंगामांत आपण चार अंतिम सामने खेळलो, तीन जिंकले. या वेळी कोच होते उस्मान गनी, विदर्भाकडूनच खेळलेले. शिकवणारा बाहेरून आणावा लागत होता, तो आता घरचा झाला. मला विचाराल तर या करंडकातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

आणखी एक गंमत. केरळकडून पहिल्या डावात ७९ धावा कोणी केल्या? आदित्य सरवटेनं. आपलाच नागपूरचा. २०१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राच्या ११ विकेट घेऊन करंडक आपल्याला देणारा, दोन्ही डावांत पुजाराला बाद करणारा. या हंगामात तो केरळकडून खेळला. आणि शेवटच्या दिवशी नायरला यष्टिचीत करवलं तेही त्यानंच. म्हणजे नागपूरच्या पोरानं केरळसाठी, कर्नाटकातून विदर्भात आलेल्या खेळाडूला बाद केलं. टपरीवाल्याच्या "कोन आपन"चं उत्तर इतकं सोपं नाही, हे तेव्हा कळलं. मला दोघंही आपलेच वाटले.

पण या सगळ्यात आमचा तालुका कुठे आहे?

उमेश यादव खापरखेड्याचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, कसोटी खेळला. अकोल्याचे तायडे आणि आदित्य ठाकरे, अमरावतीचा जितेश शर्मा. नागपूरबाहेरून पोरं येतात, हे सिद्ध झालं आहे. पण अकोला-अमरावती ही मोठी शहरं आहेत, तिथं क्लब आहेत, मैदानं आहेत. विदर्भाचे जिल्हे अकरा, आणि त्यांच्या पोटात तालुक्याची गावं किती ते मोजा.

आमच्या गावात एक डावखुरा फिरकीपटू होता. नाव देत नाही, पोराला आवडणार नाही. बापाचं पंक्चरचं दुकान. पोराचा चेंडू असा वळायचा की शाळेचे मास्तर खेळ थांबवून पाहायचे. दीड वर्ष तो पहाटेच्या एसटीनं नागपूरला सरावाला गेला. संध्याकाळी परत, मग दुकानात हात लावायचा. दहावीच्या वर्षी बंद झालं. गावात सराव कर म्हणावं तर कुठे? शाळेच्या मैदानावर सोमवारी बाजाराच्या गाड्या लागतात, दिवाळीत फटाक्यांची दुकानं, जानेवारीत प्रदर्शन, निवडणुकीत सभा. सभा झाली की खिळे आणि खड्डे राहतात. आज तो पोरगा कुरिअरचं काम करतो. हर्ष दुबेची ६९ वी विकेट त्यानं मोबाईलवर पाहिली आणि मला मेसेज केला, "दादा, पाह्यलं का?" मी हो म्हटलं. पुढे काय लिहावं सुचलं नाही.

तो रणजी खेळलाच असता असं मी म्हणत नाही. शंभरातला एकही पोहोचत नाही. पण खेळून हरणं वेगळं आणि जागा नाही म्हणून घरी बसणं वेगळं. क्रिकेट सोडा, कबड्डी, खो-खो, पोलीस भरतीच्या धावण्याचा सराव, सगळ्यांनाच तीच जमीन लागते. आमच्याकडच्या पोरी भरतीसाठी पहाटे हायवेच्या कडेनं धावतात, मागून ट्रक येत असतात.

यात दिल्लीला दोष देता येत नाही, मुंबईलाही फारसा नाही. मैदानाला कुंपण घालणं, रोलर फिरवणं, बाजाराच्या गाड्यांना दुसरी जागा देणं, हा नगर परिषदेचा विषय आहे. आणि मार्च २०२५ ला गोची अशी होती, की निवडणुका रखडल्या होत्या. नागपूर महापालिकेत मार्च २०२२ पासून प्रशासक होता, आमच्याकडेही प्रशासकच. दार ठोठवायला नगरसेवकच नव्हता. पण प्रशासकालाही बजेट करावं लागतं, आणि तो मार्च महिना होता.

म्हणून ठोस मागण्या तीन. एक, प्रत्येक तालुक्याच्या गावात किमान एक मैदान फक्त खेळासाठी राखून ठेवा, भाड्यानं देणं बंद. दोन, सरावाला नागपूर किंवा जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्या पोरापोरींना एसटीचा पास त्या त्या नगर परिषदेनं काढून द्यावा. तीन, गेल्या वर्षी मैदानाच्या भाड्यातून किती पैसे आले आणि त्यातले किती मैदानावर खर्च झाले, हे फलकावर लावा.

तिसऱ्या मागणीचा माहिती अधिकाराचा अर्ज मी आज सकाळी आमच्या नगर परिषदेत दिला आहे. पोच घेतली आहे. उत्तर आलं की इथेच टाकेन, नाही आलं तर तेही टाकेन. तुमच्या गावात कोणी असाच अर्ज करणार असेल तर मजकूर पाठवतो, नाव-गाव घालून वापरा.

आणि हो, विदर्भाच्या पोरांचं मनापासून अभिनंदन. पुढच्या हंगामात जामठ्याला एखाद्या दिवशी तरी जा. सोबत गल्लीतली दोन-चार पोरं घेऊन जा.