गाळी मशीनची उस्तवार

मिक्सरचं भांडं गळायला लागलं की वायसर बदलायचा, कुकरची शिट्टी धड होईना की रिंग, पंखा नुसता गुणगुणायला लागला की कंडेन्सर. घर चालवणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. आमच्या निपाणीच्या घरात २०१६ सालापासून या यादीत आणखी एका यंत्राची भर पडली. त्याला सी-पॅप म्हणतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पलंगाशेजारी दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला, “ऑक्सिजन लावताय काय?”

ऑक्सिजन नव्हे. खोलीतलीच हवा आत ओढायची आणि ठरावीक दाबानं नळीतून नाकावरच्या मास्कपर्यंत पोचवायची, एवढंच त्याचं काम. काही माणसांचा घसा झोपेत सैल पडतो, श्वासाची वाट मिटते आणि श्वास दहा-वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त थांबतो. मग मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो, मोठा घोर लागतो, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. हवेचा दाब ती वाट उघडी ठेवतो.

आमचं घर दुभाषी. मी बेळगावच्या शहापूरची, सासूबाई गोकाकच्या. यंत्राचं बारसं त्यांनीच केलं, ‘गाळी मशीन’. कन्नडमध्ये गाळी म्हणजे वारा. मराठी माणसाला वाटतं, काहीतरी गाळायचं यंत्र असणार. दोन्ही खरंच आहे, कारण त्यातून वारा येतो आणि गाळूनच येतो.

घोरणं म्हणा नाहीतर गोरके म्हणा, दोन्ही भाषांत तो हसण्याचाच विषय. आमच्याकडेही वीस वर्षं तो तसाच होता. आमचे हे संकेश्वरला शाळेत शिकवायचे, मोटारसायकलवरून जाऊन-येऊन करायचे. २०१६ च्या जानेवारीत एका सकाळी तवंदी घाटाच्या वळणावर गाडी रस्ता सोडून मुरमात शिरली, तेव्हा ते जागे झाले. पडले नाहीत, एवढंच. रात्री आठ तास झोपलेला माणूस सकाळी गाडीवर कसा झोपेल, हा प्रश्न घेऊन आम्ही बेळगाव गाठलं. तिथं एक रात्र अंगाला वायरी लावून झोपवलं. श्वास तासाला ३८ वेळा अडखळत होता. पाचच्या आत असेल तर ठीक मानतात, तीसच्या वर गेला की आजार तीव्र. डॉक्टरांनी नऊ हा दाब ठरवून दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले आणि मृत्यूच्या कारणात याच आजाराचं नाव आलं, तेव्हा गल्लीतले चार जण आमचं मशीन बघून गेले. त्यानंतर कुणी हसलेलं मला आठवत नाही.

यंत्र घेताना दुकानदार सगळं सांगतो. बटन कुठलं, पट्टा कसा लावायचा, वॉरंटी किती. मास्क किती दिवस टिकतो, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नाही. पहिले काही महिने घरात स्वर्ग होता. आठव्या महिन्यात पुन्हा घोरणं ऐकू यायला लागलं. मशीन चालूच होतं. पंखा फिरत होता, आकडे दिसत होते. सकाळी यांचे डोळे लाल आणि नाकाच्या दांडीवर वळ. हवा गळतेय म्हणून ते पट्टा आवळायचे, आवळला की टोचायचं, टोचलं की रात्री दोनला मास्क काढून उशाशी ठेवायचे.

मैत्रिणींनो, या यंत्राची खरी गोम इथं आहे. मिक्सर बिघडला की तो बंद पडतो, आपल्याला कळतं. हे यंत्र बंद पडत नाही. ते चालूच राहतं आणि हळूहळू निरुपयोगी होतं. नाकावर बसणारी सिलिकॉनची गादी चेहऱ्याच्या तेलानं मऊ पडते, कडा वळतात, मग हवा डोळ्यांत जाते आणि घशापर्यंत नऊचा दाब पोचतच नाही. आमच्या यंत्राच्या पडद्यावर गळतीची खूण होती, पण ती बघायची असते हे आधी कुणाला माहीत? कोल्हापूरहून नवी गादी आणली आणि त्याच रात्री घर शांत झालं. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. त्यामुळे आमची तपासणी कर्नाटकात आणि सुटे भाग महाराष्ट्रात, अशी वाटणी होऊन गेली.

तेव्हापासून गादी रोज सकाळी साध्या साबणानं, कोमट पाण्यात धुते आणि सावलीत वाळवते. उन्हात नाही. उन्हानं सिलिकॉन कडक होतं आणि बारीक चिरा पडतात. पट्टा सैल झाला की आवळत बसण्यापेक्षा बदललेला बरा. यांना पट्टा टोचतो म्हणून कुरकुर असते. त्यावर मी त्यांना सिडनीची गोष्ट वाचून दाखवली होती. १९८० साली तिथं डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय पहिल्यांदा करून बघितला. त्याआधी तीव्र आजाराला गळ्याला भोक पाडून नळी बसवण्याशिवाय फारसा इलाज नव्हता. त्यांचं पहिलं यंत्र म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरसारख्या यंत्राची मोटर. सुरुवातीचे मास्क ज्याच्या-त्याच्या नाकाच्या साच्यावर घडवलेले आणि रोज रात्री चिकटवायचे. “सकाळी ओढून काढायचा, नाकाच्या कातड्यासकट,” एवढं मी पदरचं घातलं. कुरकुर आठ दिवस थांबली.

फिल्टरची गोष्ट मात्र खास निपाणीची. यंत्राच्या पाठीमागं एक छोटा पांढरा कागदासारखा फिल्टर असतो. तो धुवायचा नसतो, फेकायचा असतो. काही यंत्रांत दुसरा करडा स्पंजचा असतो, तो धुता येतो. पुण्याच्या नणंदेच्या ओळखीत एकांकडे पांढरा फिल्टर महिना-दीड महिना जातो. आमच्याकडे तंबाखूच्या हंगामात पंधराव्या दिवशी तो बदामी होतो. आमच्या मागच्या गल्लीत वखार आहे. तंबाखू चाळायला सुरुवात झाली की ती बारीक भुकटी दारं-खिडक्या बंद करूनही घरात येते. निपाणीत वाढलेल्या माणसाला तिचा वासही येत नाही, इतकी सवय. पण तो फिल्टर हातात घेतला की दिसतं, रात्रभर माणूस काय ओढत असतो. यांच्या नाकात जाण्याऐवजी ते त्या कागदावर अडकलं, याचं समाधान. आणि ज्या बायांचा सगळा दिवस त्या वखारीत जातो त्यांच्या नाकापुढं कुठला फिल्टर, हाही विचार येतो.

दुसरं आमच्या बोअरचं जड पाणी. हवा कोरडी लागू नये म्हणून यंत्राला पाण्याची छोटी टाकी असते, ती पाणी किंचित तापवते. तिच्या तळाला पांढरा थर बसतो, किटलीला बसतो तसाच. सासूबाई म्हणायच्या, उकळून गार केलेलं पाणी घाल. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार जात नाहीत, उलट दाट होतात. डिस्टिल्ड पाणी लागतं. तेही गॅरेजमधलं बॅटरीचं नको, ते श्वासातून घ्यायला केलेलं नसतं. मी मेडिकलवाल्याला सांगून मागवते. रोज सकाळी उरलेलं ओतून टाकायचं, टाकी उघडी सुकवायची. थर दिसलाच तर पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवायची आणि वास जाईपर्यंत धुवायची. थंडीत आणि पावसाळ्यात नळीतच पाणी साचून गुडगुड आवाज येतो. नळीला मी जुन्या शालीचा अभ्रा शिवला, आवाज गेला. यासाठी बाजारात मिळणारं कव्हर काय किंमतीला विकतात ते बघितलं आणि शिवणयंत्राला नमस्कार केला.

विजेचं विचारू नका. वीज गेली की हवा थांबते, हे उठतात, मास्क काढतात आणि उरलेली रात्र तशीच जाते. इन्व्हर्टर घेतला, पण साइन वेव्हचा बघून घेतला, आणि त्यावर चालवताना टाकीची ऊब बंद ठेवतो. नुसत्या पंख्याला वीज थोडी लागते, ऊब बॅटरी खाते.

भाग किती दिवसांनी बदलायचे? अमेरिकेत सरकारी विम्याचे पैसे ठरावीक मुदतीनं मिळतात. मास्क आणि नळी तीन महिन्यांनी, पट्टा आणि टाकी सहा महिन्यांनी, यंत्र पाच वर्षांनी. आपण पदरचे पैसे घालतो. त्यामुळे तारीख बघून नव्हे, वस्तू बघून बदलावं असं माझं मत. पण बघावं मात्र रोज. आणि या खर्चाला गॅस सिलिंडरसारखी घरखर्चात जागा ठेवावी, नाहीतर गादी ‘पुढच्या महिन्यात’ यायची ती येतच नाही.

मध्ये जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीनं जगभरातून लाखो यंत्रं परत मागवली. आवाज कमी करायला बसवलेला स्पंज झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता, आणि ओझोननं यंत्र साफ केलं तर तो जास्त लवकर झिजत होता. आमचं यंत्र दुसऱ्या कंपनीचं होतं. पण मशीन आपोआप स्वच्छ करणारी महागडी पेटी घेण्याचा विचार त्या दिवशी संपला. साबण-पाणी बरं.

२०२५ च्या सुरुवातीला आमच्या यंत्राच्या पडद्यावर मोटरचं आयुष्य संपल्याची सूचना आली. नऊ वर्षांत ते एकवीस हजार तास चाललं होतं. आवाज थोडा वाढलेला, बाकी दिसायला झकास. डॉक्टरांना विचारून नवं घेतलं. आणि घरात खरा वाद सुरू झाला तो इथून.

सासूबाईंचे गोकाकचे भाऊ, आमचे सोदरमावा, वय ७४. घोरणं असं की सुनेनं मुलांची अंथरुणं माडीवर नेली. दिवसा पेपर वाचता वाचता मान पडते. जुनं मशीन रिकामं झाल्याचं कळताच त्यांचा फोन आला, “हळे आदरू साकु. गाळी बरतैतिल्लो?” जुनं असलं तरी पुरे, वारा येतोय ना? सासूबाईंनी लगेच पिशवी काढली. भावाला द्यायची वस्तू, त्यात विचारायचं काय?

मी नाही म्हटलं. मोटर संपत आलेली, आणि आतला नऊचा आकडा यांच्या घशाचा. दुसऱ्याचा चष्मा घातला तर निदान दिसत नाही हे कळतं तरी. झोपलेल्या माणसाला काय कळणार? “माझ्या माहेरच्या माणसाला जुनी वस्तूसुद्धा द्यायला जड जातंय,” एवढं बोलून सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला. तो आठ दिवस टिकला. नवऱ्यानं अशा वेळी काय करावं ते आमच्या यांनी केलं. कुणाचीच बाजू न घेता मामांना गाडीत घालून बेळगावला नेलं.

मामांचा श्वास तासाला ५२ वेळा अडखळत होता. त्यांना दाब लागला तेरा. नऊवर मशीन लावून ते घोरतच राहिले असते, आणि गोकाकपासून निपाणीपर्यंत सगळे निर्धास्त झाले असते की मामांना गाळी मशीन लावलंय. अहवाल सासूबाईंना कन्नडमध्ये समजावून सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी माझ्यासाठी चहा ठेवला आणि भावाच्या यंत्रासाठी आपल्या पेन्शनमधले निम्मे पैसे काढून दिले.

जुनं यंत्र आमच्या कपाटात आहे. मामांच्या नव्या यंत्राबरोबर मी शालीचा एक अभ्रा आणि फिल्टरचं पाकीट पाठवलं, कॅलेंडरवर तारखांना गोल करून दिले. परवा त्यांच्या सुनेचा फोन आला. टाकीच्या तळाला काहीतरी पांढरं दिसतंय, मशीन बिघडलं काय म्हणून विचारत होती. पाणी कुठलं घालतेस, मी विचारलं. घटप्रभेच्या नळाचं, म्हणाली.