एक हुक लागल्याशिवाय दुसरा काढायचा नाही

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत आता झाडावर चढायचे पैसे मोजावे लागतात. हा टोमणा नाही. मी स्वतः मोजून आलो आणि मजाही आली.

परवा भाचीला घेऊन ताडोबाच्या बफरमधल्या एका साहसी उद्यानात गेलो होतो. उंच झाडांना फळ्यांचे ओटे बांधलेले. एका ओट्यावरून दुसऱ्यावर जायला कुठं तारेचा पूल, कुठं लोंबत्या लाकडी पायऱ्या, कुठं जाळी आणि शेवटी झिपलाइन. झाडाला खिळा ठोकलेला दिसला नाही, बुंध्याभोवती लाकडाच्या पट्ट्या लावून त्यावर तार आवळलेली होती. खालून पाहिलं तर उंची काहीच वाटत नाही. वर गेलं की पाय आपले राहत नाहीत. भाची खारीसारखी पुढं पळाली आणि मी मधल्या ओट्यावर गणपती बसावा तसा बसलो.

आम्हाला चढवणारा पोरगा जवळच्याच गावचा, वीस-बावीस वर्षांचा. त्यानं हार्नेस आवळला, हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला आणि एकच नियम तीनदा सांगितला. "दादा, कमरेले दोन हुक हायत. एक लागल्याशिवाय दुसरा काढाचा नाही. कितीबी घाई असो."

मी विचारलं, हे सगळं इथंच शिकलास का?

"चढणं घरीच शिकलो. हुक इथं शिकलो."

त्याचे वडील आग्यामोहोळ काढायचे म्हणे. तेव्हा हुक-बिक काही नव्हतं.

ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून ही पोस्ट. कारण आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा प्रश्न त्या दोन वाक्यांत आहे. चढणं आपल्या लोकांना येतं. हुक मात्र मिळतो तो पर्यटकाला.

आता मधाचंच घ्या. आग्या माश्यांचं पोळं उंच झाडाच्या फांदीला लागतं. जुनी पद्धत म्हणजे रात्री टेंभा घेऊन चढायचं, माश्या जाळायच्या आणि सगळं पोळं कापून खाली आणायचं. यात माशीही मरायची आणि माणूसही जिवावर उदार व्हायचा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं यावर अभ्यासगट बसवला. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसले. त्यातून माशी न मारता मध काढायची रीत पुढं आली. अंगभर संरक्षक पोशाख घालायचा, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा, अंड्या-पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. माश्या जगतात आणि पोळं पुन्हा भरतं. हेच ते गाव, ज्यानं "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" असं म्हटलं आणि 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. तिथं सुरक्षेचा विचार वरून आला नाही. चढणाऱ्यांनीच तो केला.

असे दोराचे मार्ग बाहेरच्या देशांतही नुसत्या करमणुकीसाठी सुरू झालेले नाहीत. 1941 मध्ये वेल्समधल्या अबरडोव्ही इथं आउटवर्ड बाउंडची पहिली शाळा निघाली, ती तरुण खलाशांना समुद्रातल्या संकटात तग धरता यावा म्हणून. उंचीची भीती, दोरावरचा विश्वास, सोबत्याचा आवाज ऐकत पाय टाकणं, या गोष्टी अशा शाळांनी शिकवल्या. तिकिटाची खिडकी नंतर आली.

आणि आपल्या पोरांना शिकवलं तर काय होतं, हे आपण पाहिलेलं आहे. ऑगस्ट 2017 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधल्या आदिवासी मुलामुलींचं प्रशिक्षण सुरू झालं. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह असं करत मे 2018 मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण थेट एव्हरेस्टवर पोहोचले. 'मिशन शौर्य' नाव होतं मोहिमेचं. पायात ताकद आधीपासून होती. फरक पडला तो दोर, बूट, ऑक्सिजन आणि शिकवणारा माणूस मिळाल्यानं.

मग माझा साधा प्रश्न आहे. हीच काळजी रोज जंगलात पोटासाठी जाणाऱ्या माणसाची का घेतली जात नाही?

10 मे 2025. सिंदेवाही तालुक्यात मेंढामाळच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूचा हंगाम मोजक्या दिवसांचा. पहाटेच निघावं लागतं आणि झुडपाशी वाकून पानं तोडावी लागतात. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. पण त्या थोड्या दिवसांच्या पैशावर खरिपाचं बियाणं येतं, पोरांच्या वह्या-पुस्तकं येतात. म्हणून बाई जाते. हौस म्हणून कोणी जात नाही.

असं काही घडलं की आपल्याकडं काय होतं? दवंडी पिटतात, फलक लागतो की जंगलात जाऊ नका. मरणाऱ्याच्या घरी 25 लाखांची मदत येते. मदत हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण तो पडल्यानंतरचा हिशेब झाला. आणि "जाऊ नका" म्हणजे काय? पहिला हुक काढला आणि दुसरा लावलाच नाही. जंगल बंद, तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार?

पर्यटकाच्या बाबतीत सरकार एवढं ढिलं नाही. 2021 मध्ये राज्यानं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, पाणी, हवा, कुठलाही खेळ असो, चालवणाऱ्याला पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करावी लागते. चांगलंच आहे. पण वर्षातून एकदा तासभर झाडावर लटकणाऱ्या माझ्यासाठी एवढा विचार होतो, तर जन्मभर जंगलात वाकणाऱ्या बाईसाठी निदान निम्मा तरी व्हावा.

दुसरा हुक आधी लावला तर काय होतं, तेही आपल्याच जिल्ह्यात दिसतं. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. 2012 मध्ये सुमारे 1,000 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली, गावातच काम मिळालं. मग त्याच ग्रामसभेनं ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचा नाही, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि आगी लागतात. कोणी बंदी घातली नाही. बांबूचा पैसा हातात होता म्हणून तेंदू सोडणं परवडलं.

म्हणून साहसी उद्यानांना माझा विरोध नाही. आणखी निघोत. पण काही गोष्टी ठरवून व्हाव्यात. ज्या गावाच्या शिवारात ते उभं राहतं त्या ग्रामसभेला उत्पन्नात ठरलेला वाटा असावा. स्थानिक पोरं नुसती हुक लावणारी राहू नयेत. दार्जिलिंग-उत्तरकाशीच्या संस्थांमध्ये पाठवून त्यांना प्रशिक्षक करा, बचाव पथकात घ्या, व्यवस्थापनात बसवा. गावोगावी प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत, तेंदू-मोहाच्या दिवसांत त्यांना मजुरी देऊन बायकांच्या गटांसोबत पाठवा. वाघ कुठल्या कक्षात फिरतोय ते गावाला आदल्या रात्री कळू द्या. आणि ज्या दिवशी जंगल बंद करायचं, त्या दिवशीचा रोज बाईच्या खात्यात जमा करा, बंदचा फलक त्यानंतर लावा.

ग्रामसभा, पंचायत समिती, जिल्हा परिषद, कुठंही हा विषय निघाला तर एवढंच विचारा: पहिला हुक काढताय, दुसरा लावला का?