नवतप्यातले अंगण

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत आम्ही दोघेही शिकवतो. नोकरी लागली तेव्हा वाटले होते, दोन-चार वर्षांत बदली मिळेल आणि वऱ्हाडात परत जाऊ. त्याला आता अठरा वर्षे झाली. मुलांना भात आणि मासे आवडतात, ज्वारीची भाकरी पाहिली की ती नाक मुरडतात. तरी मे महिन्यात सुटी लागली की आम्ही गाव गाठतोच. लोक उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जातात आणि आम्ही समुद्र सोडून अकोला जिल्ह्यात जातो, म्हणून शेजारी हसतात. आम्हीही हसतो. पण तिथे अम्मी आहेत.

यंदा मात्र आम्ही नुसते भेटायला निघालो नव्हतो. अम्मींनी सत्तरी ओलांडली आहे. अब्बा गेल्यापासून त्या घरात एकट्याच असतात. "या वेळी त्यांना सोबत घेऊनच यायचे," असे आम्ही घरीच ठरवले होते. त्यांचे कोकणात न येण्याचे कारण दर वर्षी एकच असते, "माझ्या कोंबड्या कोण पाहणार?" तेव्हा पहिले काम कोंबड्या विकण्याचे, हेही ठरले होते.

मुंबईला गाडी बदलून पहाटे अकोल्याला उतरलो. स्टेशनबाहेर पाऊल टाकले तेव्हा फज्रची अजान चालू होती आणि हवा आताच कोमट होती. तिथून बाळापूर साधारण पंचवीस किलोमीटर. काळीपिवळीत बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची रिकामी शेते, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. मग मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावरचा बाळापूरचा किल्ला दिसू लागला. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने तो बांधायला घेतला आणि एलिचपूरच्या नवाब इस्माईल खानाने 1757 मध्ये पुरा केला, असे सांगतात. नदीकाठी मिर्झा राजा जयसिंगाची छत्री आहे. पावसाळ्यात किल्ल्याच्या तिन्ही बाजूंना पाणी असते. मे महिन्यात पात्रात गोटेच गोटे. आमचे खेडे तिथून थोडे पुढे आहे.

अम्मी दारातच उभ्या होत्या. सलाम-दुआ झाली. मुलांच्या डोक्यावरून हात फिरवता फिरवता म्हणाल्या, "पाणी प्या, पण एकदम गटागट नको." मग अंगणात गेल्या आणि कडुनिंबाखालच्या मातीच्या पसरट भांड्यांत पाणी ओतू लागल्या. आम्ही कोंबड्या मोजल्या. चौदा होत्या. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्हीच त्यांना आठ तलंगा आणून दिल्या होत्या, कारण गेल्या उन्हाळ्यात "थोड्या गेल्या" असे त्या फोनवर म्हणाल्या होत्या.

थोड्या म्हणजे किती, ते शेजारच्या खालांनी त्या दिवशी सांगितले. पंधरातल्या नऊ. एकाच दुपारी.

झाले असे होते. अकोल्याला लग्न होते. मांजर आणि मुंगसाच्या भीतीने अम्मींनी सकाळीच कोंबड्या खुराड्यात घालून दाराला फळी लावली. आत पाणी ठेवले. वर टिन, तिन्ही बाजूंना विटा आणि समोर फळी. संध्याकाळी परत आल्या तेव्हा पाण्याचे भांडे कोरडे पडलेले होते आणि कोंबड्या एकमेकींवर पडलेल्या होत्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, असे खाला म्हणाल्या.

आम्ही विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी अम्मींनीच काढला. भाजी निवडताना म्हणाल्या, "तुम्ही शाळेत ती मांजरीची हदीस शिकवता ना?" मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या, तिला ना खायला देणाऱ्या ना मोकळे सोडणाऱ्या बाईची ती हदीस आपल्या घराघरांत मुलांना माहीत असते. आम्ही ती दर वर्षी तिसरीच्या वर्गाला सांगतो. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची गोष्ट त्याच्याच जोडीला सांगतो, मुले खूश होतात आणि घंटा होते. "मी नऊ जीव कोंडून मारले," अम्मी म्हणाल्या. "तुमचा इरादा तसा नव्हता," आम्ही म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण ते त्यांना पटले आहे असे दिसले नाही. कोंबड्या विकण्याची गोष्ट आम्ही त्या दिवशी गिळून टाकली.

नवतपा लागायला चार दिवस होते. सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो ते 25 मेच्या सुमाराचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. आमच्याकडे पारा तेव्हा 45 च्या आसपास जातो. मुलांसाठी आणलेला साधा तापमापक होता. दुपारी दोन वाजता तो कडुनिंबाखाली टांगला, तर 42 दाखवले. खुराड्यात ठेवला, तर 49. अम्मींनी चष्मा लावून दोनदा आकडा पाहिला. काही बोलल्या नाहीत.

कोंबडीला घाम येत नाही, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच 41 ते 42 अंश असते. उष्णता बाहेर टाकायला तिच्याजवळ तुरा आणि गलोल आहेत, पंख अंगापासून दूर धरणे आहे, आणि शेवटी चोच उघडून धापा टाकणे आहे. हवाच तिच्या अंगाइतकी तापली की पहिले दोन उपाय फारसे चालत नाहीत. उरते ते धापा टाकणे. त्यात पाणी भराभर खर्च होते. म्हणून कोंडलेली हवा आणि संपलेले पाणी एकत्र आले की काही तासांत खेळ संपतो. मांजरापासून वाचवणारी फळीच गेल्या वर्षी घातक ठरली होती.

आम्ही कामाला लागलो. फळी काढून तिथे जाळीचे दार बसवले. समोरच्या भिंतीतल्या वरच्या विटा काढून तिथेही जाळी लावली, म्हणजे वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने जाईल. टिनावर चुन्याचे दोन हात दिले आणि वर पऱ्हाट्यांचा जाड थर घालून दोरीने आवळला. पश्चिमेच्या जाळीवर गोणपाट सोडले, दुपारी ते ओले करायचे. मुलांनी उत्साहाने खुराड्याच्या जमिनीवरही बादली ओतली, तेव्हा अम्मींनी त्यांना थांबवले. आत दमटपणा साचला की धापा टाकून उपयोग होत नाही. कुलर लावून खिडक्या बंद केल्या की आपल्यालाही असेच गुदमरते, हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. दोन दिवसांनी पुन्हा तापमापक ठेवला. 44. अजूनही कोंबड्या आत कोंडण्यासारखे नव्हतेच, पण पाच अंश कमी झाले होते. दिवसा त्या कडुनिंबाखाली आणि रात्री आत, असे ठरले.

बाकीचे आम्हाला शिकवावे लागले नाही, आम्हीच अम्मींकडून शिकलो. त्या फज्रच्या आधी उठतात. दाणा उजाडायच्या आत घालतात, दुसरा अस्रनंतर ऊन उतरल्यावर. मधल्या वेळेत दाणा नाही. आम्ही कारण शोधले, तर ते सरळ होते. दाणा पचवताना अंगात उष्णता तयार होते, ती दुपारच्या उन्हात भर घालते. दुपारी फार तर ताकात कालवलेला थोडा कोंडा, कोथिंबिरीचे देठ किंवा कलिंगडाची साल.

पाणी तीन ठिकाणी ठेवायचे, कारण एकाच भांड्यावर तगड्या कोंबड्या गरीब कोंबडीला येऊ देत नाहीत. भांडी मातीची, सावलीत, अर्धी जमिनीत पुरलेली. पाणी दिवसातून तीनदा बदलायचे, कारण तापलेले पाणी कोंबडी पीत नाही. एरवी एका कोंबडीला पाव लिटर पुरते, या दिवसांत अर्धा लिटरही लागते. म्हणजे चौदा कोंबड्यांना सात लिटर. जिथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे सात लिटर ही लहान गोष्ट नाही. अम्मी तांदूळ धुतलेले पाणी बाजूला ठेवून त्यात कोंडा भिजवतात.

झाडाखाली त्यांनी राख आणि वाळू घालून एक खड्डा केला आहे. वरची माती कोरडी, खाली ओल. कोंबड्या त्यात पोट रुतवून पडून राहतात. मुलांना वाटले, आजारी आहेत. अम्मी म्हणाल्या, "त्यांचा कुलर आहे तो."

अंड्यांची कवचे पातळ येत होती. आम्हाला वाटले, चुना कमी पडतो. तो पडतोच, पण मूळ कारण धापांत आहे. सतत धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डाय ऑक्साइड कमी होतो, रक्ताचा समतोल बिघडतो आणि कवचासाठी लागणारे कॅल्शियम पुरेसे मिळत नाही. जुनी कवचे भाजून, कुटून संध्याकाळच्या दाण्यात दिली. तरी अंडी पूर्वीसारखी व्हायला हवा बदलावी लागते. त्या दिवसांत एक कोंबडी खुडूक झाली होती. अम्मींनी तिला अंड्यांवर बसू दिले नाही. या उन्हात अंडी वाया जातात आणि कोंबडीही खंगते. मृगाचा पाऊस पडू दे, मग बसवू, म्हणाल्या.

नवतप्याचा चौथा दिवस. दुपारचे तीन. जोहर पढून आम्ही जरा पडलो होतो. अंगणातून अम्मींचा आवाज आला. उघड्या मानेची तांबडी कोंबडी एका कुशीवर पडली होती, डोळे अर्धे मिटलेले, पंख पसरलेले. आम्ही फ्रिजमधले बर्फाचे पाणी आणायला धावलो. "बर्फ नको," अम्मी ओरडल्या. एकदम थंडीचा झटका बसला तर आहे तोही जीव जायचा. त्यांनी माठातले पाणी घेतले. कोंबडीचे पाय त्यात बुडवले, तुऱ्याला आणि पंखांखाली ओला हात लावला, चोचीच्या कडेला बोटाने एकेक थेंब सोडला. घशात पाणी ओतले तर ते श्वासनळीत जाते.

गल्लीतले एक चाचा कुंपणाशी थांबले. म्हणाले, "आपा, जीव आहे तोवर हलाल करून घ्या. मेली तर मुरदार होईल, कुणाच्या उपयोगाची नाही." बोलणे चुकीचे नव्हते. अम्मींनी मान वर केली नाही. "अभी पानी पिलाई हूँ उसको," एवढेच म्हणाल्या. चाचा थोडा वेळ थांबले आणि गेले.

अस्रपर्यंत ती कोंबडी तशीच पडून होती. मग्रिबच्या सुमारास उठली, दोन पावले चालली, पुन्हा बसली. रात्री तिने पाण्यात चोच घातली. अम्मींनी पाण्यात थोडा गूळ आणि अगदी चिमूटभर मीठ टाकले होते. मीठ जास्त झाले तर कोंबडीला ते विषासारखे, म्हणून चिमूटभरच. तिच्या मानेवर पिसे नाहीत, ही तिची मेहेरबानीच झाली असावी. उघड्या मानेच्या कोंबड्यांना ऊन जास्त सोसते, अंगातली उष्णता त्या मानेतून बाहेर पडते.

दुसऱ्या दिवशी एक गेली. आम्ही दिवाळीत आणलेल्यांपैकी, सर्वांत जड, पांढरी. लवकर वजन धरते म्हणून आम्हीच कौतुकाने निवडली होती. जड अंगाची कोंबडी उन्हात आधी जाते, हे निवडताना आम्हाला ठाऊक नव्हते. अम्मींनी मुलांना दूर उभे केले आणि परसाच्या टोकाला खोल खड्डा करून, चुना टाकून तिला पुरले. मग बाकीच्यांच्या डोळ्यांत, नाकात काही चिकटले आहे का ते तपासले. हिरवी हगवण नव्हती, माना वाकड्या नव्हत्या. म्हणजे मानमोडी नव्हती, ऊनच होते. मानमोडीची लस टोचून घ्यायची राहिली होती. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून, ऊन उतरल्यावर ती द्यायची असे ठरवले.

त्या संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसलो होतो. "मी तिकडे येईन," अम्मी आपणहून म्हणाल्या. आम्ही एकमेकांकडे पाहिले. "पण आता नाही. आता गेले तर ते कोंडण्यासारखेच झाले." थोड्या वेळाने म्हणाल्या, "यांना पाणी ठेवायला उठते, तेव्हा मीही पिते. नाहीतर मला तहान कळतच नाही."

म्हातारपणी तहान कमी जाणवते, हे आम्ही वाचलेले होते. अम्मी दिवसभर किती पाणी पितात, हे मात्र आम्ही अठरा वर्षांत कधी विचारले नव्हते. फोनवर विचारायचो, तब्येत कशी आहे. "अलहम्दुलिल्लाह, ठीक आहे," एवढे ऐकून ठेवून द्यायचो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही परतलो. कोंबड्या विकल्या नाहीत. शेजारच्या खालांच्या मुलीशी बोलून ठेवले आहे, ती दुपारी दोनदा डोकावते. अम्मींना कुठे जायचे असले तर फळी लावायची नाही, तिला निरोप द्यायचा. तापमापक तिथेच खुराड्याच्या जाळीला बांधून आलो. आता फोनवर आम्ही आकडा विचारतो, मग कोंबड्यांनी किती पाणी संपवले ते विचारतो, आणि मग अम्मींनी किती.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या अंगणात, गच्चीत चार-दोन कोंबड्या असतात. उन्हाळ्यात लग्नाला, गावाला निघताना दार लावण्याआधी क्षणभर थांबा. आत वारा आहे का, सावली फिरून ऊन कुठे येईल, पाणी संध्याकाळपर्यंत पुरेल का, हे पाहा. आणि घरात एखादे म्हातारे माणूस एकटे असेल, तर त्याच्यासाठीही हेच पाहा.

मृगाच्या दुसऱ्या दिवशी अम्मींचा फोन आला. मागे पत्र्यावर पावसाचा आवाज होता. खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी ठेवली, म्हणाल्या. कोणती कोंबडी, असे आम्ही विचारले. "वही, लाल वाली," त्या म्हणाल्या.