लटकणारा राघू

आमच्या जळकोटात राघू म्हटला की तो लांब शेपटीचा, ज्वारीच्या कणसावर बसून निम्मे खाणारा आणि निम्मे सांडणारा. राघूंत आणखी जाती असतात हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. मास्तराने असे कबूल करू नये. पण आता केले.

भाचीला सावंतवाडीकडे दिली आहे. गेल्या माघात तिच्या डोहाळजेवणाला जाणे झाले. आंबोलीचा घाट उतरला की हवा ओली, झाडी दाट. घरामागे सावर फुलली होती. तिच्या एका फुलाला हिरवे पान उलटे लोंबत होते. पान हलले आणि त्याला लाल चोच निघाली! चिमणीएवढा जीव, जेमतेम साडेपाच इंच. शेपूट आखूड, शेपटीवरची पाठ कुंकवासारखी लाल, नराच्या गळ्यावर निळा ठिपका. हा उलटा लटकून मध पितो आणि रात्री झोपतोही वटवाघळासारखा उलटाच. इंग्रजी पुस्तकांतही त्याचे नाव लटकणारा पोपट असेच आहे. माडीच्या मडक्याशी जाऊन झिंगतो, असेही जाणकारांनी लिहून ठेवले आहे. (आमच्याकडे असता तर कीर्तनकारांना दृष्टांताला उपयोगी पडला असता.)

दुसऱ्या दिवशी पाहिले ते मात्र विसरता येत नाही. मादी चोचीने पानाची कड कातरीत होती आणि एकेक पट्टी पाठीमागच्या लाल पिसांत खोचीत होती; बायका केसांत वेणी खोचतात तशी. मग भुर्रकन ढोलीकडे.

"घर करता ती, गुरुजी," भाचीची सासू म्हणाली.

मला माझा उजवा हात आठवला. दहा वर्षांचा असताना ओढ्याकाठच्या लिंबाच्या ढोलीत तो मी खांद्यापर्यंत घातला होता. डोक्यावर जोडपे ओरडत घिरट्या घालीत होते. ते पिलू आमच्या ओसरीवर नऊ वर्षे जगले. 'राम राम' म्हणे. येणारेजाणारे माझे कौतुक करीत.

चैत्रात पाचवीतला एक मुलगा दप्तरात राघूचे पिलू घेऊन वर्गात आला. मी १९७२ चा वन्यजीव कायदा सांगितला, राघू धरणे-पाळणे गुन्हा आहे म्हणालो. शिडी मागवली आणि पिलू होते तिथे ठेवून आलो. परतताना पोरगे म्हणाले, "गुरुजी, मग तुमच्या ओसरीवर पिंजरा कशाला?"

पिंजरा रिकामा आहे. आई त्यात लसूण ठेवते. मी त्याला तेवढेच सांगितले.