एक्केचाळिसाव्या वर्षी कॅल्क्युलस

माझी लेक कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात गणित शिकते, असे मी सांगितले तेव्हा आमच्या वन्संनी विचारले, "ते कोणत्या ज्ञातीचे कॉलेज गं?" कम्युनिटी म्हणजे ज्ञाती, हे त्यांचे इंग्रजी काही चुकीचे नव्हते! तिकडे मात्र त्याचा अर्थ पंचक्रोशीचे, सर्वांसाठी उघडे असलेले दोन वर्षांचे कॉलेज. त्यांतले सर्वांत जुने सरकारी कॉलेज इलिनॉय राज्यात जोलिएट गावी १९०१ साली निघाले. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ आहेत.

वन्संचा दुसरा प्रश्न अधिक खोचक होता. "एक्केचाळिसाव्या वर्षी गणित शिकून ती करणार काय?"

लेकीचे गणित सुटले अठराव्या वर्षी. त्याच वर्षी हे गेले. घरात मिळवते कोणी उरले नाही, तेव्हा ती कॉमर्स करून एका पतपेढीत चिकटली. पुढे लग्न, अमेरिका, दोन मुले. गणित राहिले ते राहिलेच.

गेल्या वर्षी सहा महिने तिच्याकडे होते, तेव्हा हा प्रकार जवळून पाहिला. वर्ग संध्याकाळचा. तिच्या एका बाजूला हायस्कुलातून नुकताच निघालेला पोरगा, तर दुसऱ्या बाजूला दिवसभर ट्रक चालवून आलेले गृहस्थ. वय कोणी विचारीत नाही. राज्यातल्या रहिवाशाला फी एका युनिटला ४६ डॉलर, म्हणजे पाच युनिटांचे कॅल्क्युलस २३० डॉलरांत. पुस्तकाची किंमत ऐकून मात्र माझे डोळे पांढरे झाले! कॅल्क्युलसची तीन सत्रे, मग लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स. आणि बाकीचे ठरलेले विषय पुरे केले की विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षासाठी अर्ज करायचा. २०१० च्या एका कायद्याने त्यासाठी खास दोन वर्षांची पदवीच काढली. ती मिळवली की राज्य विद्यापीठाच्या कुठल्या तरी कॉलेजात जागा ठरलेली. हव्या त्याच ठिकाणी मिळेल असे मात्र नव्हे.

आता वन्संचा प्रश्न. नुसत्या दोन वर्षांच्या गणितावर फारसे काही पदरात पडत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. चार वर्षांची पदवी झाली की वाटा फुटतात. विमा कंपनीत ॲक्चुअरी व्हायचे तर एकामागून एक परीक्षा. सुरुवातीच्या दोहोंत एक संभाव्यतेची, दुसरी व्याजाच्या हिशेबाची. पगार घसघशीत. सरकारी हायस्कुलात शिकवायचे तर पदवीवर आणखी शिक्षकाचा परवाना, आणि याच कॉलेजात शिकवायचे तर मास्टर्स. आकडेवारीची कामेही पुष्कळ आहेत, पण तिथे गणिताच्या जोडीला संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग हवे.

जावईबापूंचा कल विम्याकडे, लेकीचा शिकवण्याकडे. माझे मत कोणी विचारले नाही, तरी सांगते. दुसऱ्यांच्या पैशांचे व्याज तिने पतपेढीत पुष्कळ मोजले. आता फळ्यापुढे उभी राहू दे.

मुले निजली की ती जेवणाच्या टेबलावर वह्या पसरते. एकदा रात्रीचा एक वाजला तरी दिवा जळत होता. मी उठून म्हटले, "अगं, नीज आता."

"आई, एवढे एक इंटिग्रल सुटू दे."

मग मीच दोन कप चहा टाकला.