पोटात ठेवायची गोष्ट

निपाणीत तंबाखूचा वास कुणाला नवा नाही. तरी माझ्या नववीच्या वर्गात एका मुलीशेजारी कुणी बसायचं नाही, तिच्या हातांना तो वास यायचा म्हणून. पहिल्याच तासाला ती पेंगायची. एकदा मी म्हटलं, "रात्रभर टीव्ही बघत बसतीस काय गं?" वर्ग हसला. मीही हसले. हे लिहिताना आजही जड जातं.

पुढं वह्या तपासताना तिच्या पानांच्या कडेला तपकिरी बोटं उमटलेली दिसली. मधल्या सुट्टीत तिला थांबवलं आणि काही न विचारता डबा पुढं केला. डब्यात बघून तीच म्हणाली, "बाई, तुमच्यात कांदा खात न्हाईत न्हवं?" तिथून बोलणं सुरू झालं.

आई विड्या वळायची. मजुरी हजारावर. आई अंथरुणाला खिळल्यापासून हजार भरायचे ते लेकीनं. पान भिजवायचं, कापायचं, मग मांडीवर सूप घेऊन बसायचं. वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मोडायचं. विड्या द्यायला गेलं की खराब म्हणून बाजूला काढतील तेवढ्यांचे पैसे नाहीत. "माझ्या लई जात्यात बाई. झोप येती." शाळा सोडायचं तिनं मनात ठरवलं होतं, घरी अजून बोलली नव्हती. मी शहाणपण सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवशी एवढंच बरं केलं.

कारण दुसऱ्याच दिवशी स्टाफरूममध्ये चहा पिताना मी हे सगळं सांगून बसले. हलकं झालं ते माझं मन. एका बाईंनी, अगदी चांगल्या हेतूनं, भर वर्गात तिला वह्यांचा गठ्ठा दिला. "बिचारी रात्री विड्या वळते," असंही म्हणाल्या. ती शाळेत यायची बंद झाली.

दिवस पर्युषणानंतरचे. क्षमावाणीला आम्ही एकमेकींना हात जोडतो, सासू-सुना, जावा-जावा, सगळ्याच. निम्मं सवयीनं. विद्यार्थिनीपुढं हात जोडायचं कधी सुचलंच नव्हतं. त्या दिवशी दिवस मावळायच्या आत जेवून तिच्या गल्लीत गेले.

"सगळ्या शाळंला कळलं म्हणती," आई आतून म्हणाली.

"माझ्यामुळं कळलं. चुकलं माझं."

मुलीनं मान वर केली नाही. हात चालूच. मी उंबऱ्याशी बसून राहिले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "सोमवारी येतो."

मग मी वेळापत्रकात पहिला तास माझा करून घेतला. ती पेंगली तर पेंगू दे. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारकडून शिष्यवृत्ती मिळते, पण आईचं ओळखपत्र हवं. ते नव्हतंच, वळायची ही, नाव दुसरीचं. त्यासाठी किती हेलपाटे घातले, मोजले नाहीत. आपण फार केलं असं मात्र म्हणवत नाही. दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्रीही तिच्या मांडीवर सूप होतं.

आता ती नोकरी करते. हे लिहू का, म्हणून फोन केला. म्हणाली, "लिवा की. नाव नको. आणि आईला काय झालतं ते लिवू नका." बरं म्हटलं.